मूळव्याध

शिरवण्यात अण्णांना ‘मूळव्याध’ म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण आवाज कमी न करता म्हणतात, त्यामुळे ते अण्णांनाही ठाऊक आहे. गल्लीत नवा भाडेकरू आला आणि पानाच्या ठेल्यावर ‘आपले मूळव्याधवाले अण्णा’ असा उल्लेख त्याच्या कानावर पडला, की बिचाऱ्यांना बसायचा त्रास असावा अशी त्याची समजूत होते. असाच एक भला माणूस एकदा बाजारातून अख्खा सुरण घेऊन दारात उभा राहिला. ‘उकडून तुपात परता, महिन्याभरात फरक पडेल,’ असं म्हणाला.

अण्णांनी सुरण हातात घेतला, फिरवून पाहिला. ‘संस्कृतात याला अर्शोघ्न म्हणतात. अर्श म्हणजे तुम्हाला मनात जे वाटतंय ते. घ्न म्हणजे मारणारा. औषधाची चिठ्ठी नावातच. आणि इंग्रजीत?’

‘यॅम,’ तो माणूस सहज बोलून गेला.

‘यॅमचं मूळ?’

त्यानंतर पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पोर्तुगिजांनी हा शब्द जहाजात कसा घातला, त्यांच्या तोंडी त्याचा ‘इन्यामे’ कसा झाला आणि इंग्रजांनी त्याची दोन्ही टोकं कशी छाटली, हे सगळं त्या गृहस्थाने दारात उभं राहून ऐकलं. मग बसून ऐकलं. तो उठला तेव्हा बसायचा त्रास त्याला सुरू झाला होता.

टोपणनावाचं अण्णांना वाईट वाटत नाही. उलट ते पोरांचं कौतुक करतात. ‘व्याध म्हणजे शिकारी. मुळांचा व्याध तो मूळव्याध. षष्ठी तत्पुरुष. कार्ट्यांनी नकळत शुद्ध समास केलाय.’

अण्णा घाटावरून नोकरीसाठी इथे आले आणि सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून केली. म्हणजे नट, बोल्ट, गॅस्केट, हातमोजे मोजणं आणि सह्या घेणं. राहायला नवी मुंबईतल्या शिरवणे गावठाणात, दादूसच्या तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. दादूस म्हणजे घरमालक. गाव त्याला दादूस म्हणतं, म्हणून अण्णाही म्हणतात. अंगाने किरकोळ, चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि कापलेल्या कागदांची गड्डी. कोणी बोलताना इंग्रजी शब्द वापरला की गड्डीतला एक कागद बाहेर येतो आणि चष्मा खाली येतो. गावात पंधरा-वीस इंग्रजी शब्दांशिवाय मराठी वाक्य पुरं होत नाही, हे लक्षात घेतलं तर अण्णांच्या चष्म्याची काय दशा होत असेल याची कल्पना यावी.

हे लागलं कसं, याचीही एक कथा आहे. कारखान्यात कामगारांना जाड निळ्या कापडाचा अंगभर पोशाख मिळायचा. कामगार त्याला डांगरी म्हणत, चलनावर ‘डंगरी’ असं इंग्रजीत छापलेलं असे. एकदा नग कमी भरले. कागदपत्रं तपासताना स्पेलिंगवरून वाद झाला, म्हणून अण्णांनी शब्दकोश उघडला. तिथे लिहिलं होतं की हे एका जाड्याभरड्या सुती कापडाचं हिंदुस्थानी नाव, आणि त्याचा संबंध मुंबईतल्या डोंगरीशी जोडतात. अण्णा खुर्चीवर टेकले. खाडीपलीकडच्या डोंगरीचं नाव गाठोड्यात बांधून विलायतेला गेलं, तिथून साहेबाचा शब्द होऊन परत आलं आणि आपण त्याच्यासमोर ‘मिळाले’ म्हणून सही करतोय! कमी भरलेले नग त्या दिवशी शोधायचे राहून गेले. अण्णा शब्दकोशातून परत आलेच नाहीत.

निवृत्तीनंतर तर रान मोकळं झालं. खोलीत आता एका भिंतीला कपाट आहे. त्यात यूल आणि बर्नेल यांचा १८८६ सालचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ आहे, अर्थात नव्या छपाईचा. ‘या हसन, या हुसेन’ हा मोहरमचा आक्रोश गोऱ्या शिपायांनी जसा ऐकला तसं त्या कोशाचं नाव, हे अण्णा प्रत्येक पाहुण्याला चपला काढायच्या आत सांगतात. शेजारी कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आणि पाठ निघालेला मोल्सवर्थ. राजवाडेही आहेत, पण वरच्या फळीवर. ‘राजवाड्यांचा आदर करावा, अनुकरण करू नये,’ असं अण्णा म्हणतात. ‘त्यांचा घोडा इतका जोरात धावायचा की वाटेतले पुरावे खाली सांडायचे.’

या व्यासंगाची पहिली झळ काकूंना लागते. सकाळी काकू चहाला आलं ठेचतात. एकदा घरात आलेल्या भाचीने ‘मामी, जिंजर टी?’ असं विचारण्याचा अविचार केला. अण्णा आतून आले ते शब्दाचा जिना उतरतच. इंग्रजी जिंजरच्या मागे जुनी फ्रेंच, तिच्यामागे लॅटिन ‘झिंगिबेर’, तिच्यामागे ग्रीक ‘झिंगिबेरिस’, त्याच्यामागे पाली ‘सिंगिवेर’ आणि संस्कृत ‘शृंगवेर’. शृंग म्हणजे शिंग. आल्याला शिंगं फुटल्यासारखी दिसतात म्हणून शृंगवेर, असं पंडितांनी ठरवून टाकलं. ‘पण ती थाप!’ अण्णा ओरडले. भाचीच्या हातातला कप हलला. ‘संस्कृतात हा शब्द आला दक्षिणेतून. तमिळमध्ये इंजी म्हणजे आलं आणि वेर म्हणजे... सांग, वेर म्हणजे काय?’

‘काय?’

‘मूळ! साऱ्या जगाला प्रदक्षिणा घालून मी मुळाशी गेलो, तर तिथे मूळच ठेवलेलं!’

‘आणि आपण आलं का म्हणतो?’ भाचीने विचारलं. ही चूक तिच्या आजही लक्षात आहे.

‘आर्द्रक. आर्द्र, ओलं. आर्द्रकाचं आलं झालं. शृंगवेर आपण घरात ठेवलंच नाही. ते फिरायला गेलं आणि लंडनला जाऊन जिंजर झालं.’

‘चहा निवला,’ काकू म्हणाल्या. चहाचंही मूळ आहे, चीनमध्ये. खुष्कीने आला तो चहा आणि डचांच्या जहाजातून गेला तो टी. पण काकूंनी ‘निवला’ हा शब्द अशा सुरात उच्चारला की अण्णांनी तो विषय दुसऱ्या कपासाठी राखून ठेवला.

काकूंना त्यांनी एकदा खूश करायचाही प्रयत्न केला होता. टीव्हीवर कोणी ‘लेडी’ म्हणालं. अण्णा म्हणाले, ‘जुन्या इंग्रजीत लॉर्ड म्हणजे पावाचा राखणदार आणि लेडी म्हणजे पावाची कणीक मळणारी.’ काकूंचे हात तेव्हा परातीत होते. त्यांनी वर पाहिलं. ‘राखणदार नुसता बसून असतो, हे इंग्रजांकडेही होतं म्हणायचं.’

अण्णांच्या तावडीत सापडायला विद्वान असावं लागत नाही. तोंड उघडलं की पुरतं. गल्लीच्या टोकाला व्यायामशाळा आहे. पूर्वी तिथे मारुतीची तसबीर, लाल माती आणि लंगोट होता. आता मारुती आहे, मातीच्या जागी रबरी चटया आल्या आणि दारावर ‘जिम’ लिहिलं गेलं. तिथला एक पोरगा केसांना भरपूर जेल लावून, दंड फुगवून दारात उभा होता. अण्णांनी विचारलं, ‘काय चाललंय?’

‘मसल बनवतोय.’

‘म्हणजे उंदीर.’

पोरगा चमकला. अण्णांनी समजावलं. लॅटिनमध्ये ‘मूस’ म्हणजे उंदीर, आपल्या संस्कृत मूषकाचा नातलग. त्याचं लाडकं रूप ‘मुस्कुलुस’, म्हणजे पिटुकला उंदीर. दंड वाकवला की कातडीखाली काहीतरी पळाल्यासारखं दिसतं, म्हणून स्नायूला हे नाव. ‘तू गणपतीच्या वाहनाचं पिल्लू दंडात पाळलंयस.’ पोरगा हसला, तेव्हा थांबायला हवं होतं. पण अण्णा दारावरच्या पाटीकडे वळले. ‘आणि जिम? ग्रीक ‘गुम्नोस’. म्हणजे नग्न. ग्रीक लोक व्यायाम करायचे तो कपड्यांशिवाय. आपला नग्न, इंग्रजांचा नेकेड आणि हा गुम्नोस, सगळे एकाच घराण्यातले.’ त्या संध्याकाळी व्यायामशाळेच्या चालकाने पाटीवर ‘जिम’च्या आधी मोठ्या अक्षरात ‘हनुमान’ लिहून घेतलं. दोन्ही एकत्र वाचल्यावर अण्णांनी चष्मा पुसला, पण काही बोलले नाहीत. मारुतीचा त्यांना धाक आहे.

उमेदवारांचा मात्र नाही. महापालिकेची निवडणूक जाहीर झाली आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यातला एक उमेदवार पाच-सहा कार्यकर्त्यांसह जिना चढून आला. हात जोडून म्हणाला, ‘काका, मी तुमच्या वॉर्डातला कँडिडेट.’ काकूंनी स्वयंपाकघरातून कपाळाला हात लावला.

‘या, बसा,’ अण्णा म्हणाले. ‘कपडे बरोबर आहेत तुमचे.’

रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस आपला अंगरखा खडूने पांढराफेक करून गावभर फिरायचा. ‘कँडिडुस’ म्हणजे झळझळीत पांढरा, म्हणून तो कँडिडेट. ‘आणि त्यामागचा जो धातू आहे, तोच आपल्या चंद्रात आहे. तुम्ही चंद्राचे नातेवाईक.’ उमेदवार खुलला. कार्यकर्त्याने मोबाइल काढून चित्रीकरण सुरू केलं. ‘तसंच अँबिशन. म्हणजे मूळ लॅटिनमध्ये मतांसाठी दारोदार फिरणं. आणि व्होट म्हणजे नवस.’ आता मात्र चंद्राला ढग आल्यासारखा उमेदवाराचा चेहरा झाला. अंगरखा खडूने पांढरा केलेला, दारोदार फिरणं, नवस. यातलं नेमकं काय कौतुकाचं, हे त्याला ठरवता येईना. खाली उतरताना एक कार्यकर्ता म्हणाला, ‘साहेब, मत मिळंल का?’ साहेब म्हणाले, ‘आधी अमावास्या कधी आहे ते बघ.’

एवढ्यावरून अण्णांना कोणी ‘सगळं जग संस्कृतातून निघालं’ म्हणणाऱ्यांत टाकलं, तर ते भयंकर चिडतात. गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटात असे एक सद्गृहस्थ आहेत. रोज सकाळी सुप्रभाताच्या गुलाबाखाली ते एक इंग्रजी शब्द संस्कृतातून काढतात. मदर मातृपासून, ब्रदर भ्रातृपासून, डोअर द्वारपासून. शेवटी ‘गर्व आहे’. एका रविवारी अण्णा त्यांच्या घरी गेले.

‘मावशीला आई म्हणू नका,’ अण्णांनी उभ्यानेच सुरुवात केली. ‘२ फेब्रुवारी १७८६ या दिवशी कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशाने निकाल देऊन ठेवलाय. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या बहिणी. त्यांची आई वेगळी, आणि ती बहुधा आता हयात नाही.’

‘पण पितृ आणि फादर सारखे आहेत की नाहीत?’

‘आहेत, पण ते नियमाने! संस्कृतात प असेल तिथे इंग्रजीत फ येतो. पितृ-फादर, पाद-फूट. त असेल तिथे थ. त्रि-थ्री. द असेल तिथे ट. द्वि-टू, दश-टेन, दन्त-टूथ. याकोब ग्रिमने १८२२ साली मांडून ठेवलंय.’

सद्गृहस्थांनी विचार केला. ‘म्हणजे इंग्रज बोबडे.’

‘सगळेच्या सगळे एकाच पद्धतीने बोबडे झाले की त्याला नियम म्हणतात! आणि तुमच्याकडे नियम नाही, नुसता कान आहे. कान फसवतो. आपण बदनाम म्हणतो, बदमाश म्हणतो. त्यातला बद फारसी, अर्थ वाईट. इंग्रजी बॅडचा अर्थही वाईट. उच्चार जवळजवळ तोच. नातं काय?’

‘सख्खे भाऊ!’

‘काडीचं नातं नाही! योगायोग! तोंडवळा जुळला म्हणून वारस लावायचा नसतो.’

सद्गृहस्थ दुखावले. त्यांना थोडं काही द्यावं म्हणून अण्णांनी ‘मुंगूस’ काढलं. इंग्रजीत आज जो ‘मॉन्गूस’ आहे तो आपल्या मराठी मुंगसावरून गेला. सतराव्या शतकात सुरतेकडे-मुंबईकडे फिरणाऱ्या गोऱ्यांनी तो उचलला. ‘मराठीने जगाला काय दिलं विचारलं तर छाती काढून सांगा, मुंगूस दिलं.’ सद्गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी गटावर मुंगसाचं चित्र टाकलं. खाली ‘गर्व आहे’. अण्णांनी लगेच खाली लिहिलं, ‘मराठीतही तो बहुधा द्राविडी भाषांतून आला असावा.’ गर्व उतरवून घेतला गेला.

शिरवण्यात अण्णांना खरा श्रोता मिळाला तो दादूसमध्ये. दादूसचं शिक्षण बेताचं, पण कागद वाचण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. त्याला कारण आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण मिळून पंच्याण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणच्या बाजूला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जणांचे जीव गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्या साडेबारा टक्क्यांसाठी दादूसच्या घराने आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, बहिणी, सगळे कागदावर शोधून काढले. सातबारा, फेरफार, वारस दाखला. दादूसची उमर कचेऱ्यांच्या जिन्यांवर गेली.

अण्णांनी त्याला प्रथम ‘शुगर’ समजावली. इंग्रजी शुगरच्या आधी फ्रेंच ‘स्युक्र’, त्याआधी इटालियन, त्याआधी लॅटिन, त्याआधी अरबी ‘सुक्कर’, त्याआधी फारसी ‘शकर’, आणि मुळात आपली ‘शर्करा’. दादूसने बोटं मोजली.

‘म्हंजे यो फेरफार हाय.’

अण्णा थबकले. इतक्या वर्षांत इतक्या थोडक्यात कोणी सांगितलं नव्हतं.

‘नावं चरतात, नावं उतरतात,’ दादूस म्हणाला. ‘दर टायमाला तलाठी लिवताना एक अक्षर चुकवतो. आमचे आज्याचा नाव तीन कागदांवर तीन तऱ्हंचा हाय. मानूस एकच.’

‘अगदी! आणि सगळ्यात खालच्या पायरीचा कागदच नसतो. तिथे आम्ही चांदणी काढतो. शब्द लिहायचा आणि आधी एक चांदणी. म्हणजे असा शब्द असला पाहिजे, लिहिलेला मिळत नाही.’

‘कागूद नाय आन् वारस मंजूर?’ दादूसचा आवाज चढला. ‘आमाला तर सायबांनी दोन वर्सं फिरवला!’

तेव्हापासून दादूसचा व्युत्पत्तिशास्त्रावर एक आक्षेप कायम आहे. चांदणीवाल्यांना सवलत मिळते.

एक संध्याकाळ मला विशेष आठवते. कारखान्यात पगार लांबला होता आणि खालच्या मजल्यावरचे भाडेकरू कामगार ओट्यावर बसून ‘पेमेंट’ची वाट पाहत होते. अण्णा गॅलरीतून उतरले. ‘पे म्हणजे शांत करणं,’ ते म्हणाले. लॅटिनमध्ये ‘पाक्स’ म्हणजे शांतता, त्यावरून ‘पाकारे’, शांत करणं. घेणेकऱ्याचा जीव शांत करायचा म्हणून फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ पैसे देणं झाला, आणि इंग्रजीत ‘पे’. त्याच पाकारेचं पोर्तुगीज रूप ‘पगार’. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, फिरंगी गेले, पण त्यांचा पगार मराठीत राहिला. ‘पे आणि पगार सख्खे भाऊ आहेत.’

‘अण्णा, दोन्ही भाऊ या महिन्यात आलेले नाहीत,’ एक कामगार म्हणाला.

‘मग सॅलरी घ्या,’ अण्णा म्हणाले. सॅलरी लॅटिन ‘साल’वरून, साल म्हणजे मीठ. रोमन सैनिकांना पगारात मीठ मिळायचं ही गोष्ट सगळे सांगतात. तसं स्पष्ट लिहून ठेवलेलं एकाही जुन्या ग्रंथात नाही, हे अण्णांनी दोनदा बजावलं. पण शब्दात मीठ आहे, यात शंका नाही.

दारात दादूसची आय बसली होती. आगरी घरातली, खाडीकाठच्या मिठागरांत तरुणपण गेलेली. मीठ म्हटल्यावर तिने मान वर केली. ‘सॅलरी म्हंजे मीठ?’

‘हो, आई.’

‘खोटा. मीठ व्हता तवा सॅलरी नव्हती. सॅलरी आली तवा मीठ गेला.’

ओट्यावर कोणी हसलं नाही. अण्णांनी खिशातून कागद काढला, म्हातारीचं वाक्य लिहिलं आणि त्याच्या आधी, कागद नसलेल्या शब्दांसाठी राखलेली चांदणी काढली.

गावच्या उत्सव मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं, तेव्हा ‘शिरवणे या नावाचा उगम’ असा एक पानी लेख अण्णांकडेच येणार हे उघड होतं. मंडळाने उगम तयार ठेवले होते, फक्त अण्णांची सही हवी होती. एकाचं म्हणणं श्रीवन. दुसऱ्याचं, शिरीषाच्या झाडांचं वन. तिसऱ्याला कोणा वीराचं शिर हवं होतं, कारण त्यावर चित्र चांगलं आलं असतं.

‘जुना कागद आणा,’ अण्णा म्हणाले. ‘जुना उच्चार ज्यावर आहे असा.’

पोरांनी घरोघर फिरून सातबारे आणले, रेशनकार्डं आणली, सिडकोच्या नोटिसा आणल्या, लग्नपत्रिका आणल्या. सगळीकडे शिरवणेच. इंग्रजी पाट्यांवर मात्र स्पेलिंगं तीन तऱ्हेची. अण्णांनी ती स्पेलिंगं वहीत उतरवून घेतली आणि वाट पाहायला सांगितलं. मंडळ आठवण करून थकलं. शेवटी अध्यक्ष स्वतः आले. अण्णांनी त्यांना पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत कोशाची हकीकत सांगितली. १९४८ साली काम सुरू झालं, पहिला भाग १९७६ साली निघाला, आणि अजून ‘अ’ चालू आहे. ‘तुम्ही तर शपर्यंत आलात!’ अध्यक्षांनी हिशोब केला आणि ते पान उमेदवाराला जाहिरातीसाठी देऊन टाकलं. पांढऱ्या कपड्यातला फोटो, खाली शुभेच्छा. अण्णांना त्याचा राग आला नाही. ‘पुराव्याच्या जागी जाहिरात छापली, पण निदान उगम तरी नाही छापला,’ असं ते म्हणाले. ज्या माणसाने अर्धं जग धुंडाळून आल्याचं मूळ काढलं, त्याने राहत्या गावाबद्दल एक ओळ लिहायला नकार दिला, याचा मला मनातून आदर वाटला. नवी मुंबईबद्दल विचारलं तर तेवढं सांगतात. ‘नव आणि न्यू एकाच आईचे. न्यू बॉम्बेचं नवी मुंबई करताना पाटीवरचं पहिलं अक्षर बदलायची गरजच नव्हती.’

तरीही मंडळाने ज्येष्ठ नागरिक म्हणून त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि दोन शब्द बोलायची विनंती. दोन शब्द! अण्णांनी खांद्यावरची शाल हातात घेतली. ‘शाल हा फारसी शब्द इंग्रजीत शॉल झाला...’ इथपर्यंत सगळे होते. मागे मटणाच्या पातेल्याचं झाकण निघालं. अण्णा काश्मीरमध्ये पोचेपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, युरोपात पोचले तेव्हा अध्यक्षही उठले. उरला दादूस, त्याची आय, आणि वायरी गुंडाळायच्या म्हणून थांबलेला व्यायामशाळेतला तो जेलवाला पोरगा.

‘आन्ना,’ दादूस म्हणाला, ‘एक इचारू? इराणवाल्यांचा व्हता, विंग्रजांनी नेला, आमी बी वापरतो. मंग यो शब्द आज कोनाच्या नावावर हाय?’

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला. मूळ कुठलं, ते त्यांना हजारदा विचारलं गेलं होतं. मालक कोण, हे कोणी विचारलं नव्हतं.

‘मी सांगतो,’ दादूस म्हणाला. ‘चरीला आमचे आगऱ्यांनी सा वर्सं संप केला. १९३३ ते ३९. नारायण नागू पाटील व्हते. शेता वसार ठेवली, उपाशी ऱ्हायले, पन खोताला दाना दिला नाय. मंग पुरं कूल कायदा आला. कसंल त्याची जमीन. तसा बोलंल त्याचा शब्द. मूल कशाला खनता? कूल बगा, कूल!’

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, ही म्हण लहानपणापासून सगळ्यांनीच ऐकलेली. दादूसने तिच्यातलं मूळ सोडून दिलं आणि कूळ ठेवून घेतलं. अण्णा शालीचा काठ धरून गप्प उभे राहिले. गप्प राहिलेले अण्णा शिरवण्याने पाहिले नव्हते. आता ते हरले असं म्हणतील, वही बंद करतील, काकूंना गरम चहा मिळेल, असं क्षणभर वाटलंही.

पण दादूसच्या ‘ळ’ने घात केला. वायर गुंडाळणारा पोरगा अंगठा वर करून ओरडला, ‘दादूस, एकदम कूल!’

अण्णांचा चष्मा नाकावर आला. त्यांनी पोराकडे पाहिलं, मग त्याच्या केसांकडे.

‘केसांना काय लावलंयस?’

‘जेल.’

‘जेल आणि कूल, दोघे चुलतभाऊ,’ अण्णा म्हणाले. ‘लॅटिनमध्ये गोठवणं म्हणजे ‘गेलारे’. त्यावरून जिलेटिन, त्यावरून जेल. इंग्रजांनी आपल्या बाजूने ग चा क केला, तो झाला कोल्ड आणि कूल. ये, बस.’

पोराने वायरीचं वेटोळं मांडीवर घेतलं आणि समोरच्या खुर्चीत बसला. दादूसने आईला हाताला धरून उठवलं, जाता जाता माइकचं बटण बंद केलं आणि मटण शिल्लक आहे का ते बघायला गेला. आवाज पंगतीपर्यंत तसाच येत होता.